फाटा, तिठा आणि चव्हाटा

मॉरिस मानो यांचं संगणकरचनेवरचं पुस्तक आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांनी वापरलं आहे. मायक्रोप्रोग्रॅमवर चालणाऱ्या कंट्रोल युनिटचा एक छोटा नमुना त्यात रचून दाखवला आहे. १२८ शब्दांची कंट्रोल मेमरी, प्रत्येक शब्द २० बिटांचा. त्या २० बिटांपैकी ९ प्रत्यक्ष कामांसाठी, २ अटीसाठी, ७ पत्त्यासाठी आणि उरलेले २ ‘बीआर’ नावाच्या खान्यासाठी. बीआर म्हणजे ब्रँच. दोन बिटांत चार पर्याय मावतात. त्या चारांची नावं आहेत जंप, कॉल, रिटर्न आणि मॅप.

खान्याचं नाव ब्रँच, आणि आत ब्रँच नावाचा एकही पर्याय नाही. म्हणजे ब्रँच ही जात झाली आणि जंप ही तिची पोटजात. त्याच नमुन्यात पुढे ‘ब्रँच’ नावाची एक यंत्राज्ञा येते: ॲक्युम्युलेटरमधली संख्या ऋण असेल तर प्रोग्रॅम दुसऱ्या पत्त्यावर न्यायचा. ही आज्ञा पार पाडणारा मायक्रोप्रोग्रॅम चार ओळींचा आहे. त्या ओळींत तीन जंप आहेत आणि एक कॉल. बाहेरची एक ब्रँच घडवायची तर आतल्या चारही ओळींना वळणाचा विचार करावा लागतो. शिकणारा गोंधळतो तो इथेच. एकच शब्द दोन मजल्यांवर वावरतो, आणि प्रत्येक मजल्यावर त्याचा अर्थ थोडा वेगळा असतो. ब्रँच झाडाची असते, ती जागची हलत नाही. जंप प्राण्याची असते, तो जागा सोडतो. एका क्रियेला ही दोन नावं कशी पडली, आणि मराठीत तिला काय म्हणावं, हे तपासताना कंट्रोल युनिटची रचनाही उलगडत जाते.

‘दोन संख्यांची बेरीज कर’ ही आज्ञा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एक वाटते. प्रोसेसरच्या आत तिची अनेक बारीक कामं होतात. पत्ता मेमरीकडे पाठवायचा, तिथली संख्या वाचून रजिस्टरमध्ये आणायची, दोन्ही संख्या बेरजेच्या मंडलाला जोडायच्या, उत्तर परत रजिस्टरमध्ये ठेवायचं. घड्याळाच्या कोणत्या ठोक्याला कोणतं द्वार उघडायचं, हे ठरवण्याचं काम कंट्रोल युनिटचं. ते दोन प्रकारांनी बांधता येतं. एक तर तारांची आणि गेटांची कायमची जोडणी करायची. किंवा ही बारीक कामं एका छोट्या मेमरीत ओळीओळीनं लिहून ठेवायची आणि प्रत्येक ठोक्याला एक ओळ वाचायची. दुसऱ्या प्रकाराला मायक्रोप्रोग्रॅमिंग म्हणतात.

इथे ‘कंट्रोल’ या शब्दाचं मूळ पाहण्यासारखं आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कॉन्ट्रारोटुलुस’ असा शब्द होता. रोटुलुस म्हणजे गुंडाळी, आणि कॉन्ट्रारोटुलुस म्हणजे हिशेबाच्या मूळ गुंडाळीशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी. त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत कंट्रोल आला. आधी हिशेब तपासणं, मग ताब्यात ठेवणं, असा त्याच्या अर्थाचा प्रवास झाला. आपला ‘नियंत्रण’ निराळ्या वाटेनं आलेला आहे. ‘यम्’ म्हणजे आवरणं, रोखून धरणं. त्यावरून यंत्र, म्हणजे आवरून धरणारं साधन, आणि त्याला ‘नि’ लागून नियंत्रण. म्हणजे नियंत्रणात यंत्र आहे आणि कंट्रोलमध्ये वही आहे. मायक्रोप्रोग्रॅमवर चालणाऱ्या कंट्रोल युनिटला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. ते यंत्र आहे, आणि त्याच्या पोटात एक लिहिलेली गुंडाळी आहे.

अशा गुंडाळीचा एक यांत्रिक पूर्वज चार्ल्स बॅबेज यांच्या ॲनालिटिकल एंजिनच्या आराखड्यांत सापडतो. एकोणिसाव्या शतकातल्या त्या रेखाटनांत खुंट्या बसवलेले उभे दंडगोल आहेत. दंडगोल एकेक घर फिरतो आणि समोर आलेल्या रांगेतल्या खुंट्या यंत्राचे निरनिराळे भाग हलवतात. पुढे किती घरं फिरायचं, हे हिशेबात काय निघालं त्यावर अवलंबून ठेवायची सोयही बॅबेज यांनी योजली होती. यंत्र पुरं झालं नाही, पण कल्पना कागदावर राहिली.

‘मायक्रोप्रोग्रॅम’ हे नाव दिलं मॉरिस विल्क्स यांनी. केंब्रिजच्या मॅथेमॅटिकल लॅबोरेटरीत त्यांच्या नेतृत्वाखाली एडसॅक हा संगणक बांधला गेला आणि ६ मे १९४९ रोजी त्यानं पहिला प्रोग्रॅम चालवला. १९५०मध्ये विल्क्स अमेरिकेत गेले असता त्यांनी एमआयटीतला व्हर्लविंड संगणक पाहिला. त्याच्या कंट्रोलमध्ये डायोडांची एक जाळी होती. ठरावीक ठोके एकामागून एक यायचे आणि प्रत्येक ठोक्याला कोणती द्वारं उघडायची ते जाळी ठरवायची. रचना नीटस होती, पण चाल सरळ होती. आत वळण्याची सोय नव्हती. गुणाकार किंवा भागाकार करायचा तर वळण लागतंच. गुणकाचा शेवटचा बिट १ असेल तर बेरीज करून सरकायचं, ० असेल तर नुसतंच सरकायचं. हे ‘असेल तर’ जाळीत कसं बसवायचं, याचं उत्तर विल्क्स यांना सापडलं. जुलै १९५१मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणक-परिषदेत त्यांनी ते मांडलं, आणि १९५३मध्ये जॉन स्ट्रिंजर यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात ते विस्तारानं आलं. १९५८मध्ये सुरू झालेला एडसॅक २ याच तत्त्वावर चालत होता.

विल्क्स यांच्या आकृतीत जाळीचे दोन भाग आहेत. डाव्या बाजूला एक रजिस्टर, त्यात चालू पत्ता. त्या पत्त्यावरून अनेक आडव्या तारांपैकी एक तार निवडली जाते आणि तिच्यातून विजेचा ठोका निघतो. तो आधी पहिल्या जाळीतून जातो आणि तिथे ठरवलेली द्वारं उघडतो. मग दुसऱ्या जाळीतून जातो आणि तिथे पुढचा पत्ता तयार होतो. तो पत्ता रजिस्टरमध्ये परततो आणि फेरी पुन्हा सुरू होते. पुढची ओळ कोणती, हे प्रत्येक ओळ स्वतःच सांगते. आता वळण कुठे आहे? काही तारा पहिल्या जाळीतून बाहेर पडल्यावर आणि दुसऱ्या जाळीत शिरण्याआधी दुभंगतात. एकीच्या दोन तारा होतात, दोन्ही दुसऱ्या जाळीत वेगवेगळ्या ठिकाणी शिरतात आणि वेगवेगळे पत्ते घडवतात. दोन्हींपैकी कोणत्या तारेनं ठोका जायचा, हे एक फ्लिपफ्लॉप ठरवतो. त्या फ्लिपफ्लॉपमध्ये आधीच्या हिशेबातलं चिन्ह किंवा तसाच एखादा बिट साठवलेला असतो.

नंतरच्या काळात ब्रँच ही एक भाषिक सोय झाली. विल्क्स यांच्या कागदावर मात्र खरोखरच एक तार फुटलेली होती. ती डोळ्यांना दिसणारी गोष्ट होती.

आता खुद्द ‘ब्रँच’. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथे उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘ब्रांका’वरून. ब्रांका म्हणजे पंजा. जनावराचा पंजा, मग पसरलेला हातपाय, मग झाडाची फांदी, असा तो सरकत गेला. आपल्या ‘शाखे’चा प्रवास याच्या उलट आहे. संस्कृतात शाखा मुळात फांदी. आयुर्वेदात शरीराची सहा अंगं सांगताना दोन हात आणि दोन पाय यांना चार शाखा म्हटलं जातं. वैदिक शब्दांच्या निघंटूत बोटांच्या नावांमध्ये शाखा हेही नाव येतं, आणि ‘करशाखा’ म्हणजे बोट हा शब्द अमरकोशात आहे. तिकडे पंजाची फांदी झाली, इकडे फांदीची बोटं झाली. माणसानं दोन्हीकडे एकच आकार पाहिला: एका बुंध्यातून निघून अलग झालेले अवयव.

म्हणून ब्रँचला शाखा म्हणणं सहज सुचतं. पण शाखा या शब्दाचा मराठीतला संसार पाहिला की अडचण कळते. वेदाच्या शाखा, बँकेच्या शाखा, पक्षाच्या आणि संघटनेच्या शाखा, विज्ञानाच्या शाखा. या सगळ्या एकाच वेळी नांदतात. एक शाखा उघडली म्हणून दुसरी बंद होत नाही. झाडावरच्या सगळ्या फांद्यांना एकाच वेळी पालवी फुटते. मायक्रोप्रोग्रॅममध्ये याच्या नेमकं उलट घडतं. तार दुभंगलेली असते, तरी एका ठोक्याला एकाच बाजूनं वीज जाते. दुसरी बाजू त्या वेळेपुरती मृत असते. तिथे विस्तार नसतो, निवड असते. शाखा हा विस्ताराचा शब्द आहे. विल्क्स यांच्याच आकृतीत त्याला एक योग्य जागा आहे. पत्त्यावरून तार निवडणाऱ्या भागाला ते ‘ट्री’ म्हणतात. त्या झाडाला शाखा असतात आणि त्या सगळ्या तिथे तारांच्या रूपानं कायम असतात. शाखा शब्द तिथे खर्च करावा. निवडीसाठी दुसरा शोधावा.

तो शब्द मराठीत रस्त्यावर उभा आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सुरूर फाटा लागतो. महामार्ग सरळ जातो आणि वाईकडे जाणारा रस्ता बाजूला निघतो. फाट्यापाशी आलेली गाडी दोन्हीकडे जात नाही. वाईला जायचं असेल तर वळायचं, नसेल तर काहीच करायचं नाही, आपोआप पुढे जायचं. ‘अट खरी असेल तर वळ, नाहीतर पुढची ओळ’ याचं इतकं नेमकं नाव मला दुसरं दिसत नाही. मानो यांच्या नमुन्यातली अटीची जंप अगदी अशी आहे. तिथे पत्ता सांभाळणारं एक रजिस्टर असतं. अट खोटी ठरली की त्यात एक मिळवला जातो आणि लगतची ओळ येते. अट खरी ठरली की सात बिटांतला पत्ता त्यात भरला जातो. एक मुख्य रस्ता आहे आणि त्याला एक फाटा आहे.

फाटा शब्दाचं कूळही इथे शोभतं. फाटणे आणि फाडणे ही जोडी संस्कृतातल्या ‘स्फट्’ या फुटण्याच्या, चिरफळण्याच्या धातूशी नातं सांगते. कोकणात आणि गोव्यात सरपणाला ‘फाटी’ म्हणतात. रस्त्याचा फाटा म्हणजे फाटून निघालेला रस्ता. तार दुभंगण्याचं चित्र या शब्दात आधीपासून आहे.

पण विल्क्स यांच्या तारेला फाटा म्हणता येईल का? नीट पाहिलं तर पूर्णपणे नाही. तिथे मुख्य रस्ता नाहीच. ‘एक मिळवा आणि पुढे जा’ हा प्रकार त्या मूळ रचनेत नसतो. प्रत्येक ओळ आपल्या वारसाचा पत्ता सांगते, आणि तार दुभंगली की दोन्ही वारस सारख्या मानाचे असतात. कोणता सरळ आणि कोणता वळलेला, हा भेदच तिथे उरत नाही. यालाही मराठीत शब्द आहे: बेचकं. एका फांदीच्या दोन होतात ती जागा, जिथून दोन्ही फांद्या सारख्याच जोरानं निघतात. काही भागांत तिला दुबेळकं म्हणतात, आणि त्यातला ‘दु’ उघडच दोनचा आहे. इंग्रजीत दोन्ही रचनांना ब्रँच म्हणतात, आणि कंट्रोल युनिटच्या अभ्यासात या दोन रचना वेगळ्या ओळखाव्या लागतात. एकीत पत्ता मोजत जाणारा काउंटर असतो आणि वळण हा अपवाद असतो. दुसरीत प्रत्येक ओळीत पुढचा पत्ता असतो आणि वळण हा स्वभाव असतो. पहिलीत ओळी आखूड राहतात, पण प्रत्येक वळणाला पत्त्याची वेगळी सोय करावी लागते. दुसरीत मेमरी रुंद लागते, पण ओळी कुठेही विखरून ठेवता येतात. पहिलीला फाटा म्हणावं, दुसरीला बेचकं. शब्द वेगळे झाले की रचनाही वेगळ्या दिसू लागतात.

बेचक्याची जात पुढे फार फोफावली. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमनं सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. आज्ञांचा संच एक आणि यंत्रं लहानमोठी, असा तिचा पण होता. तो पार पाडता आला याचं मोठं श्रेय मायक्रोप्रोग्रॅमिंगला जातं. त्यातल्या मॉडेल ३०ची रचना पाहावी. पुढच्या पत्त्याचे शेवटचे दोन बिट तिथे ओळीत कायमचे लिहिलेले नसतात. ‘सीएच’ आणि ‘सीएल’ नावाचे दोन खाने असतात. एक खाना वरच्या बिटात काय यावं ते सांगतो, दुसरा खालच्या. शून्य, एक, किंवा यंत्रातला एखादा चालू संकेत. दोन्ही ठिकाणी संकेत जोडले तर पत्त्याची चार टोकं संभवतात: ००, ०१, १० आणि ११. एका ठोक्यात चार वाटांतून एक निवडली जाते, आणि तपासणीसाठी वेगळी ओळ खर्च होत नाही.

ही युक्ती अनेक यंत्रांनी आपापल्या परीनं वापरली. ओळीत लिहिलेल्या पत्त्यावर अटीचे बिट ‘ऑर’ करायचे, म्हणजे दोहोंपैकी कुठेही १ असेल तर १ घ्यायचा. पाठ्यपुस्तकांत याला बिट-ऑरिंग म्हणतात. याची एक अट आहे. मूळ पत्त्याच्या त्या जागी शून्यं हवीत. तिथे आधीच १ असेल तर वरून काहीही आलं तरी १च राहणार आणि ती वाट बंद होणार. त्यामुळे वाटा फुटायच्या त्या ओळी मेमरीत कुठेही ठेवून चालत नाही. दोन वाटा असतील तर सम-विषम पत्त्यांची जोडी लागते, चार असतील तर चाराच्या पटीपासून सुरू होणारा गट लागतो. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात १९७३मध्ये तयार झालेल्या ऑल्टो संगणकात दहा बिटांचा ‘नेक्स्ट’ हा खाना होता आणि अटीचे बिट त्यात ऑर होत. तिथे आणखी एक बारकावा होता. चालू ओळ काम करत असतानाच पुढची ओळ वाचायला घेतलेली असे. त्यामुळे चालू ओळीतली तपासणी लगतच्या ओळीला लागू न पडता त्या ओळीच्या ‘नेक्स्ट’ला लागू पडे. निर्णय एका ओळीत आणि वळण पुढच्या ओळीनंतर. ऑल्टोसाठी मायक्रोप्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे अंतर सतत मनात धरावं लागे.

डिजिटल इक्विपमेंटच्या पीडीपी-११/४० या यंत्रात याच कामासाठी जो संकेत वापरला, त्याची आद्याक्षरं जुळून ‘बट’ असा शब्द होतो. ब्रँच आणि मायक्रोटेस्ट यांवरून ते नाव आलं. इंग्रजीत बट म्हणजे ‘पण’. ओळीनं पत्ता सांगायचा आणि त्या खान्यानं ‘पण’ जोडायचा: पत्ता हा, पण अमुक बिट लागलेला असेल तर थोडा पुढचा. अटीच्या क्रियेला यापेक्षा समर्पक आद्याक्षरं मिळणं कठीण.

आता मोजणीचा प्रश्न. एएमडी कंपनीच्या एएम२९१० या सिक्वेन्सरला, म्हणजे पुढच्या ओळीचा पत्ता ठरवणाऱ्या चिपला, सोळा आज्ञा आहेत. त्यांतल्या निम्म्यांच्या नावात जंप आहे. ब्रँच फक्त एकीच्या नावात: ‘थ्री-वे ब्रँच’. तिचा उपयोग शोधाशोधीत होतो. मेमरीत एखादी संख्या शोधायची आहे. सापडली तर पुढची ओळ. सापडली नाही आणि काउंटर संपलेला नाही तर पुन्हा फेरीच्या सुरुवातीला. सापडली नाही आणि काउंटरही संपला तर तिसऱ्याच पत्त्यावर. तीन शेवट, एक ओळ.

याला मराठीत तिठा म्हणावंसं वाटतं. कोकणात मुंबई–गोवा महामार्गावर हातखंबा तिठा प्रसिद्ध आहे, तिथून रत्नागिरीकडे रस्ता जातो. तिठा म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. पण तिठ्यावर येणारा त्या तिघांपैकी एका रस्त्यानं आलेला असतो, त्याच्यापुढे उरतात दोन. म्हणजे इंग्रजीतली ‘टू-वे ब्रँच’ मराठीत तिठा ठरते आणि ‘थ्री-वे ब्रँच’ ठरते चव्हाटा, कारण चव्हाट्यात ‘चार’ आणि ‘वाट’ दोन्ही ऐकू येतात, आणि त्यातली एक वाट आपण चालून आलेलो असतो. इंग्रजीची मोजणी पुढच्या वाटांची, मराठीची मोजणी जागेवर मिळणाऱ्या सगळ्या वाटांची. शिकवताना हा फरक सांगितला नाही तर आकड्यांचा घोळ होणारच.

या मोजणीत एक तांत्रिक तथ्यही दडलेलं आहे. तिठ्यावरून परत जाता येतं. विल्क्स यांच्या तारेवरून येत नाही. नवा पत्ता रजिस्टरमध्ये शिरला की जुना पुसला जातो आणि आपण कुठून आलो हे यंत्र विसरतं. आलेली वाट लक्षात ठेवायची तर तिच्यासाठी वेगळी जागा करावी लागते. मानो यांच्या नमुन्यात त्यासाठी एक रजिस्टर आहे, एएम२९१०मध्ये पाच पत्त्यांची चळत आहे. कॉल आणि रिटर्न हे पर्याय त्याच जागेवर चालतात. म्हणून तिठा आणि चव्हाटा हे शब्द जिथे परतीची वाट जपलेली असते तिथेच शोभतात. बाकी ठिकाणी पुढच्या वाटांची संख्या सांगावी: दोन वाटांची ओळ, चार वाटांची ओळ. मॉडेल ३०ची ओळ चार वाटांची.

आता जंप. या इंग्रजी शब्दाचं मूळ कोशकारांना खात्रीनं सापडलेलं नाही. पाय जमिनीवर आपटण्याच्या आवाजावरून तो आला असावा, असं मानतात. आपली उडी ‘उड्डाण’ घराण्यातली, ‘उत्’ आणि ‘डी’ यांच्या संयोगातून आलेली. तिच्यात वर जाणं आहे, मधली जागा वगळणं आहे. उडी मारायची तर खाली ओळ हवी. एकेक पाऊल टाकत जायची सोय असेल तरच पावलं सोडून जाण्याला उडी म्हणता येतं. पाऊल टाकणं म्हणजे संस्कृतात ‘क्रम्’. क्रम हा शब्द आधी पावलाचा, नंतर रांगेचा. सिक्वेन्सरमधल्या ‘सिक्वेन्स’चं लॅटिन मूळ म्हणजे मागोमाग जाणं. पत्ता मोजत जाणाऱ्या रचनेत क्रम असतो, म्हणून तिथे उडी शक्य आहे. विल्क्स यांच्या मूळ रचनेत क्रमच नाही, म्हणून तिथे उडीही नाही. तिथे प्रत्येक पाऊल कुठे पडायचं ते आधीचं पाऊल सांगतं.

यंत्राच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे प्रोग्रॅमरला दिसणाऱ्या आज्ञांत, कंपनीगणिक शब्द बदलत गेले. एकाच आयबीएमनं पन्नाशीच्या दशकात ६५० या यंत्रात ब्रँच म्हटलं आणि ७०४मध्ये ट्रान्सफर. ट्रान्सफर म्हणजे पलीकडे वाहून नेणं, इथे ताबा एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे सोपवणं. सिस्टिम/३६०नं ब्रँच पक्कं केलं. इंटेलच्या आज्ञांत अट असो वा नसो, सगळ्याच जंप. मोटोरोला ६८०००मध्ये दोन्ही आहेत: चालू जागेपासूनचं अंतर मोजून जायचं तर ब्रँच, थेट पत्ता घेऊन जायचं तर जंप. मिप्सच्या आज्ञांत अट असेल तर ब्रँच, बिनअट असेल तर जंप. चार घरांत चार व्याख्या. म्हणून कोणत्याही एका व्याख्येवर मराठी शब्द बेतू नये. यंत्रात काय घडतं ते पाहून बेतावा.

मॅप हा चौथा पर्याय या सगळ्यांहून रुंद आहे. लॅटिनमध्ये ‘माप्पा’ म्हणजे कापड, पुढे कापडावर काढलेला जगाचा नकाशा. मानो यांच्या नमुन्यात यंत्राज्ञेचे चार बिट घेतात, त्यांच्या आधी एक शून्य आणि नंतर दोन शून्यं लावतात आणि तयार झालेल्या पत्त्यावर जातात. यंत्राज्ञेला चार ओळींची जागा नेमून दिलेली असते. अशा सोळा जागा, म्हणजे ६४ ओळी. ६४व्या पत्त्यापासून सर्वांना सामाईक असा आज्ञा आणण्याचा भाग सुरू होतो. प्रत्येक यंत्राज्ञेचा आतला प्रवास त्या सामाईक भागातून निघतो, सोळा वाटांच्या एका जागेवर येतो, आपल्या जागेत शिरतो, काम करतो आणि पुन्हा सामाईक भागाकडे वळतो. सरळ चालणं त्यात थोडं, वळणं फार.

म्हणूनच ‘आज्ञावली’ या शब्दाकडेही एकदा थांबून पाहावं. आवली म्हणजे रांग. मराठीतली ‘ओळ’ याच आवलीची लेक आहे. आज्ञावली म्हणजे आज्ञांची ओळ. साध्या प्रोग्रॅमला हे नाव शोभतं. विल्क्स यांच्या मायक्रोप्रोग्रॅमला मात्र ते पुरतं लागू पडत नाही, कारण त्यात ओळ अशी नाहीच. आहे ते वाटांचं जाळं. ‘वाट’ आली ‘वर्त्मन्’वरून आणि वर्त्मन् आला वळण्याच्या ‘वृत्’ धातूवरून. प्रत्येक वाटेत वळण मुळातच आहे. मायक्रोप्रोग्रॅमचं वर्णन करायला ओळीपेक्षा वाट हा शब्द जवळचा.

मराठीत ‘फाटे फोडणे’ असा एक वाक्प्रचार आहे आणि तो निंदेचा आहे. सरळ चाललेली गोष्ट नको तिथे वळवणाऱ्याला आपण फाटे फोडू नकोस म्हणतो. कंट्रोल युनिट रचणाऱ्याला या तक्रारीचा अर्थ नीट कळतो. प्रत्येक फाट्यापाशी पुढचा पत्ता उशिरा ठरतो. पत्ता उशिरा ठरला की मेमरी वाचायला उशीर होतो, आणि त्या उशिरानं ठोक्याचा वेग ठरतो. एका ओळीत चार वाटा बसवणं, तपासणी आणि काम एकाच ओळीत उरकणं, वळणाचा परिणाम एक ओळ पुढे ढकलणं, या साऱ्या युक्त्या या उशिरावरचे उपाय आहेत. फाट्यांवाचून तर गुणाकारही होत नाही. फाटे फोडायचे, पण ते योग्य जागी आणि कमीत कमी किमतीत, हेच या शास्त्रातलं कौशल्य.

मराठीतून संगणकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि परिभाषा घडवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. ब्रँच दिसली की शाखा, असं सरसकट करू नये. पत्ता उलगडणाऱ्या झाडाच्या त्या शाखा. मुख्य क्रम चालू ठेवून अटीनं बाजूला नेतो तो फाटा. दोन्ही पुढच्या पत्त्यांना सारखा मान असतो ते बेचकं. बिनअट क्रम सोडणं ही उडी. आलेली वाट राखून ठेवली असेल तर तिठा आणि चव्हाटा. हे सहाही शब्द आपल्या विद्यार्थ्यांना घरून आणि रस्त्यावरून आधीच ठाऊक आहेत. फळ्यावर विल्क्स यांची आकृती काढा, दुभंगलेल्या तारेवर बोट ठेवा आणि ‘हे बेचकं’ एवढंच सांगा. व्याख्या विद्यार्थी स्वतः करतील.